यजमानांसकट वजन

पिकअप गाडी निवडायची तर आधी ट्रेलरचं वजन कळायला हवं, आणि ट्रेलरचं वजन करायचं तर तो रिकामा हवा. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनं यात अवघड काही नाही. पण भाऊंचा ट्रेलर तुळजापुरात उभा होता, आणि छप्पर असलेली कोणतीही वस्तू तुळजापुरात फार काळ रिकामी राहत नाही. हा नियम कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे भाऊंसारखा शिकलेला माणूसही त्यात सापडला.

भाऊंनी सगळी नोकरी हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात घालवली. घराणं मात्र पुजाऱ्यांचं. देवळातलं काम त्यांचा चुलतभाऊ अनिरुद्ध सांभाळायचा, पण यजमान दोघांत वाटलेले होते. यजमान म्हणजे ठरलेल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या देवीला येणारी कुटुंबं. त्यांनी येताना कळवायचं नसतं आणि पुजाऱ्यानं कधी जाणार असं विचारायचं नसतं. ती येतात, पुजाऱ्याच्या घरी उतरतात, गरम पाणी मागतात, दर्शन करून जेवतात, दुपारी आडवी होतात. भाऊंच्या घरी हे सगळं व्यवस्थित पार पडायचं, कारण ते वनमालाबाई पार पाडायच्या. भाऊ त्या वेळी शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवत असायचे.

निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेऊन भाऊ घरी आले, तेव्हा वनमालाबाई अक्कलकोटकडच्या मंडळींसाठी भाकरी थापत होत्या. भाऊंनी भरल्या मनानं विचारलं, "आता सांग, तुला काय पाहिजे?" साडी किंवा फार तर बांगड्या, एवढी त्यांची तयारी होती.

वनमालाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "मला एकदा कुणाकडं तरी पाहुणी म्हणून जायचंय. आयत्या ताटावर बसायचं आणि उठताना ताट उचलायचं नाही."

"मग शंतनूकडं जातेसच की पुण्याला."

"तिथं मी आई असते. देवश्री ऑफिसातून दमून येते, मला बघवत नाही. तिसऱ्या दिवशी ओट्याशी मीच."

हे भाऊंच्या मनाला लागलं. मनाला लागलं की ते वाचन करतात. या वेळी वाचनाऐवजी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, आणि त्यांत त्यांना परदेशातली निवृत्त जोडपी दिसली. पिकअपला अख्खं घर जोडून ती देशभर हिंडत होती. संध्याकाळी तळ्याकाठी घर उभं करायचं, बाहेर घडीच्या खुर्च्या टाकायच्या आणि बसायचं. प्रत्येक व्हिडिओत त्या बाईच्या हातात कप होता आणि मागं उभं राहून कुणी तिच्याकडं चहा मागत नव्हतं. भाऊंनी ही गोष्ट अनेक व्हिडिओंत पडताळून पाहिली. निष्कर्ष स्पष्ट होता.

वनमालाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, घर बरोबर घेऊन कुणी पाहुणं जातं का?"

हा आक्षेप भावनिक आहे, तांत्रिक नाही, असं ठरवून भाऊ लोहाऱ्याला गेले.

लोहाऱ्यात बसवेश ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. भाऊंनी त्याला चित्र दाखवलं. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला अडकवतात. हा वेगळा. याला लांब वाकडी मान, आणि ती मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर एका गोल तबकडीवर टेकते. त्या तबकडीला फिफ्थ व्हील म्हणतात.

बसवेशनं चित्रातली चाकं मोजली. "सर, पाचवं दिसंना की."

"ते चाक नसतं रे. नुसतं नाव आहे."

"मग बिलात लावू का नगं?"

ट्रेलर उत्तम झाला, हे कबूल केलं पाहिजे. पुढं मानेवरच्या उंच भागात झोपायची जागा, मध्ये बैठक, छोटी मोरी. प्रश्न आला स्वयंपाकघराचा. भाऊंनी आराखड्यात ते चाकांच्या पुढं काढलं होतं. पण त्या दिवशी सोबत अनिरुद्ध आला होता, आणि अनिरुद्धला वास्तुशास्त्र येतं. त्यानं मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, बसवेशच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक फेरी मारली आणि ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आग्नेय ही. चूल इथं."

"अरे, गाडी वळली की आग्नेय पण वळणार."

"वळू दे. बांधताना कुठं होती ते धरतात," अनिरुद्ध म्हणाला. "भाऊ, तू सायन्सवाला, तुझा विश्वास नसंल. पण वहिनी त्यात बसणार आहे."

भाऊंनी वनमालाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मागंच असू दे. बैठकीतून कुणी डोकावणार नाही." भाऊंनी मग मनातल्या मनात हिशेब केला. एक छोटा गॅस, एक सिलिंडर, चार डबे, दोन ताटं. दोन माणसांच्या स्वयंपाकघराचं वजन ते कितीसं असणार? ते चाकांच्या पुढं असलं काय आणि मागं असलं काय, फरक नगण्य. हिशेब बरोबर होता. चूक एवढीच होती, की वनमालाबाईंकडं दोन माणसांचं स्वयंपाकघर आयुष्यात कधी नव्हतंच.

ट्रेलर एका मोठ्या ट्रकवर चढून तुळजापुरात आला. भाऊंच्या गल्लीत समोरून म्हैस आली तर रिक्षा मागं घ्यावी लागते, तेव्हा तो घरापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. तो बायपासजवळच्या भाऊंच्या मोकळ्या प्लॉटवर लाकडाचे ठोकळे लावून उभा राहिला. आता फक्त पिकअप घ्यायचा होता. भाऊंना वाटलं, आठवड्याचं काम आहे.

सल्ले सुरू झाले. अनिरुद्ध म्हणाला, दूधवाल्यांची घेतात तसली छोटी घे, कुठंही वळते. शेजारचे आण्णासाहेब तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना गाडीपेक्षा कागदांत रस जास्त. ते म्हणाले, "गाडी कोणतीही घ्या भाऊ, आधी हे काय आहे ते ठरवून घ्या."

"ट्रेलर आहे."

"ते तुम्ही म्हणता. शासन काय म्हणतं?"

जिल्ह्याच्या ठिकाणी आरटीओत जाऊन भाऊंनी शासनाला विचारलं. खिडकीमागचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "इंजिन नाही म्हणजे वाहन नाही. ट्रॅक्टर नाही म्हणजे ट्रॉली नाही. आत पंखा दिसतोय. सर, हे घर आहे. नगरपरिषदेत विचारा." नगरपरिषदेतले गृहस्थही सभ्य होते. ते प्लॉटवर येऊन वाकून बघून गेले आणि म्हणाले, "पाया नाही. चाकं आहेत. हे घरात बसत नाही."

आण्णासाहेबांना यात परमानंद झाला. "उत्तम! दोन्ही नकार लेखी घ्या. ते जोडून तिसरा अर्ज करा, की अर्जदाराकडे असलेली वस्तू अस्तित्वात असूनही कशातच नाही. मसुदा मी करतो." तो मसुदा त्यांनी इतका रंगून केला, की तो वाचून वरच्या साहेबांनी भाऊंना खुर्ची दिली, चहा पाजला आणि गाडी ठरेपर्यंत ट्रेलर चाचणीपुरता रस्त्यावर आणायची परवानगी दिली. सोबत एक साधी अट घातली. वजन कळवा.

वजन सोलापूरच्या शोरूमलाही हवं होतं. तिथल्या टायवाल्या तरुणानं भाऊंना लहान, मध्यम आणि मोठा असे तीन पिकअप दाखवले आणि विचारलं, "माल कोणता भरणार काका? कांदा, की सिमेंट?"

"घर," भाऊ म्हणाले.

तरुण बराच वेळ टाय सरळ करत राहिला. "घराचं वजन किती?" त्यानं शेवटी विचारलं.

बसवेशच्या अंदाजानं दीड टन. पण भाऊ अंदाजावर चालणारे नव्हते. त्यांनी बसवेशकडून पुढं लावायचा दोनचाकी गाडा करून घेतला, त्यावर ट्रेलरची मान टेकवली, एक ट्रॅक्टर भाड्यानं घेतला आणि सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, सोलापूर रस्त्यावरच्या वजनकाट्याकडं निघाले. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर बसलेल्या भाऊंना मधूनमधून मागून गाण्यासारखं काही ऐकू येत होतं. पत्र्याचं कंपन असेल, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक वस्तूची एक स्वतःची कंपनसंख्या असते, हे त्यांनी ड्रायव्हरला समजावूनही सांगितलं.

काट्यावर आकडा आला दोन टन आणि वर बरंच काही. भाऊंचा चेहरा उतरला. म्हणजे छोटा पिकअप बाद, मधलाही बाद. काटेवाल्यानं कागद फाडून हातात दिला, तेवढ्यात ट्रेलरचं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांची एक म्हातारी कपाळभर मळवट भरून खाली उतरली. मागून तिच्या सुना, मुलगे, व्याही, पिठाची पिशवी, नारळांचं पोतं आणि देवीची परडी, असं एकेक उतरू लागलं.

"देऊळ आलं का, भाऊ?" चन्नम्मा म्हणाली. ती कर्नाटकातल्या आळंदकडची यजमानीण, तीन पिढ्यांची. तिचं मराठी कानडीच्या काठाकाठानं चालायचं.

"चन्नम्मा, तुम्ही इथं कशा?"

"वनमालाक्का चावी दिली. घरात जागा इल्ला म्हणाली, नव्या खोलीत झोपा. छान झोपलो की. सकाळी खोली चालाय लागली. मी सुनांना म्हटलं, गप बसा, आपले पुजारी सुधारलेत, झोपलं तिथनं देवळाला नेऊन सोडतेत. आरती पण म्हणून झाली." मग तिनं काट्याकडं, समोरच्या खडीच्या ट्रककडं आणि आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. "तेवढं आधी सांगाचं हुतं. चप्पल घातली असती."

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर इतका हसला, की त्याला खाली उतरावं लागलं. भाऊ म्हणाले, "तुम्ही सगळे जरा बाजूला उभे राहता का? परत एकदा वजन करतो." पण चन्नम्माच्या धाकट्या सुनेला हे पटलं नाही. देवीला निघालेल्या माणसानं वाटेत उलटं फिरून उभं राहायचं नसतं, म्हणाली. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. भाऊंनी यजमानांना परत आत बसवलं आणि ट्रॅक्टर देवळाकडं वळवला. पार्किंगच्या तोंडाशी सगळ्यांना उतरवताना त्यांना किमान चार ओळखीचे लोक भेटले. तुळजापुरात ओळखीच्या लोकांची कमतरता नाही.

घरी वनमालाबाईंनी शांतपणे विचारलं, "मग म्हातारीला काय रस्त्यावर झोपवू? तुम्ही पहाटे उठून गेलात. मला कुठं सांगून गेलात?"

त्यानंतर ट्रेलर रिकामा म्हणून सापडला नाही. यजमानांत बातमी फिरली, की भाऊंनी पंख्याची नवी खोली केली आहे आणि ती देवळापर्यंत सोडते. मंगळवारी बार्शीकडची मंडळी, शुक्रवारी लातूरकडची. भाऊ वजनाचा दिवस ठरवायचे आणि आदल्या संध्याकाळी कुणीतरी खांद्यावर पिशवी घेऊन दारात हजर. सोलापूरचा तरुण फोन करायचा, "काका, कोणती ठरली?" आणि भाऊ म्हणायचे, "आत माणसं आहेत." त्या तरुणानं याचा काय अर्थ लावला असेल, हे सांगता येत नाही, पण पुढं पुढं तो फार हळू आवाजात बोलू लागला.

सगळ्यात वाईट होतं ते वेगळंच. पूर्वी वनमालाबाई एका घराचं बघायच्या. आता प्लॉटवरही चहा पोचवावा लागे. एक दिवस त्या थर्मास घेऊन उन्हातून निघाल्या आणि भाऊंनी त्यांना पाठमोरं जाताना पाहिलं. बाईला पाहुणी करण्यासाठी उभारलेल्या वस्तूनं तिच्या मागं आणखी एक स्वयंपाक लावला होता. भाऊंना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. गाडी मिळो न मिळो, ते म्हणाले, आपण निघायचं.

संधी बब्रुवानच्या रूपानं आली. बब्रुवान सास्तूरचा शेतकरी, भाऊंच्याच यजमानांपैकी. त्याच्याकडं टमाट्याचे क्रेट वाहून थोडे पोचे आलेला पण धडधाकट पिकअप होता. तो बाजारातून सरकी पेंडीची पोती घेऊन दर्शनाला आला, त्यानं सगळी हकीकत ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

"आवो, इकत घ्याच्या आधी वढून तर बगा! माझी गाडी हाय की. सास्तूरपत्तुर नेऊ, माझ्या रानात चिचंखाली उभं करू. वढलं तर वढलं."

"पण हौदा मोकळा लागेल. मान तिथं बसते."

"मग पोती आत टाकू. मागचं दार हायच की तुमच्या ट्रेलराला."

बसवेशनं येऊन हौद्यात तबकडी बसवली. पोती मागच्या दारानं गेली, म्हणजे स्वयंपाकघरात. त्यांच्या आधी तिथं वनमालाबाईंचं सामान गेलं होतं. पितळी पातेली, परात, पिठाचा डबा, लोणच्याच्या बरण्या, पाटा आणि वरवंटा.

"अगं, दोघांसाठी पाटा कशाला?"

"कुणी आलं तर?"

"रानात कोण येणार आहे?"

"येतात," वनमालाबाई अनुभवानं म्हणाल्या.

निघताना केबिनमध्ये तिघं बसले. बब्रुवान चालवत होता, मध्ये भाऊ, खिडकीशी वनमालाबाई. नळदुर्ग मागं पडलं तसा बब्रुवान खुलत गेला. "भाऊ, लई हलकं चाललंय! माझी गाडी रिकामी असताना बी एवढी हलकी वाटत न्हाई."

"मानेची रचना आहे ती," भाऊ म्हणाले. त्या सुखाच्या क्षणी त्यांना हे सुचलं नाही, की मागं दोन टनांचं ओझं असताना गाडी रिकामीपेक्षा हलकी वाटणं ही आनंदाची नव्हे, विचार करण्याची गोष्ट आहे.

विचार सास्तूरच्या पुढं बब्रुवानच्या रानाकडं वळताना करावा लागला. तिथं रस्त्यावरून शेतात एक छोटा चढ आहे. पिकअपची पुढची चाकं वर चढली, इंजिन गरजलं, मागची चाकं जागच्या जागी फिरली, आणि मग ट्रेलर संथपणे, जेवून उठता उठता परत बसकण मारणाऱ्या माणसासारखा, मागं बसला. मान वर गेली. मानेबरोबर पिकअपचं मागचं अंग वर उचललं गेलं आणि केबिनमधली तिन्ही माणसं समोरच्या काचेकडं नमस्काराला वाकावीत तशी वाकली. आतून पातेल्यांचा प्रचंड आवाज आला. पुष्कळ वेळ काहीतरी गोल गोल फिरत राहिलं आणि थांबलं. ती परात होती.

"अहो," वनमालाबाई म्हणाल्या, "आपण असे का बसलोय?"

रानातून, रस्त्यावरून, मोटरसायकलींवरून माणसं जमली. आल्या आल्या प्रत्येक जण एकच शब्द बोलत होता. "उलाळ! उलाळ झाली!" बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं आणि जू वर उचललं, की गाडी उलाळ झाली म्हणतात. हे भाऊंनाही ठाऊक होतं. चाक हा टेकू, मागं भार, पुढं मान. ही पहिल्या प्रकारची तरफ ते आयुष्यभर शिकवत आले होते, आणि खाली उतरल्यावर त्यांनी ती तिथंही शिकवली, मातीत काडीनं आकृती काढून. जमावानं अतिशय लक्ष देऊन ऐकलं.

"पटलं," एक फेटेवाला म्हणाला. "मग एवढं ठावं असताना पोती मागं का भरली, सर?"

भाऊंनी बब्रुवानकडं पाहिलं. बब्रुवान चिंचेकडं बघू लागला.

सामान उतरवणं भाग होतं. एकामागून एक पातेली बाहेर आली. एवढ्यात बब्रुवानची बायको लक्ष्मीबाई आली. तिनं ते भांड्यांचं प्रदर्शन पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, लगीन हाय का कुणाचं?" मग वनमालाबाईंच्या हातातला पिठाचा डबा काढून घेतला आणि त्यांचा हात धरला. "चला घरी. आमी तुमच्याकडं किती येळा आलो, मोजायचं न्हाई. तुमची पावलं आमच्याकडं आज पयल्यांदा लागायलीत."

हलका झालेला ट्रेलर सगळ्यांनी ढकलत चिंचेखाली नेला, पण त्याच्या मानेचा एक जोड वाकला होता. बसवेश फोनवर म्हणाला, हातातली ट्रॉली संपवून येतो. तोवर मुक्काम बब्रुवानकडं.

भूकंपानंतर नव्यानं वसलेलं सास्तूर भाऊंना फार आवडलं. रस्ते सरळ, रुंद, काटकोनात. इथं ट्रेलर कुठंही वळला असता, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. वनमालाबाईंची अवस्था मात्र कठीण होती. पाहुणी होण्याची त्यांना सवय नव्हती. पहिल्या सकाळी अंधारातच उठून त्या चुलीशी गेल्या, तर लक्ष्मीबाई आधीच तिथं. "वैनी, भाईर व्हा." त्या भांडी घासायला बसल्या, तर लक्ष्मीबाईनं राख उचलून नेली. भाजी निवडू द्या म्हणाल्या, तर भाजी निवडलेली निघाली. शेवटी त्या पडवीतल्या बाजेवर अगदी कडेला, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या, हात मांडीवर ठेवून बसल्या.

दुपारी जेवताना त्यांनी ताट उचललं. लक्ष्मीबाईनं ते हिसकावलं. दोघींत थोडी ओढाताण झाली आणि वरण सांडलं.

"असं किती दिवस चालायचं?" वनमालाबाईंनी भाऊंना हळूच विचारलं. "मला जमत नाही हे."

"जमेल," भाऊ म्हणाले. "सराव लागतो."

दुसऱ्या दिवशी त्या बाजेवर थोड्या आत सरकल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकल्या. त्या दिवशी दुपारी चहा आला, एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला, आणि भाऊंनी आपल्या कानांनी ऐकलं. वनमालाबाई म्हणाल्या, "लक्ष्मीबाई, उद्यापासून साखर थोडी कमी टाका बरं का." लक्ष्मीबाईचा चेहरा असा उजळला, जणू देवीनं कौल दिला. भाऊ पडवीबाहेर जाऊन उगाच आकाशाकडं बघत उभे राहिले.

आणि चौथ्या दिवशी सकाळी अनिरुद्धचा फोन आला. लक्ष्मीबाई वनमालाबाईंची वेणी घालत होती. अनिरुद्धचा आवाज नेहमीप्रमाणे पडवीभर ऐकू येत होता.

"भाऊ, कुठं आहेस? उद्या पौर्णिमा! तुझे यजमान आत्तापासून अंगणात बसलेत. माझ्याकडं पाय ठेवायला जागा नाही. ते बार्शीवाले विचारतेत, चालती खोली कुठं गेली? वहिनीला घेऊन आजच्या आज ये."

वनमालाबाई उठल्याच. अर्धी वेणी घातलेली, अर्धे केस खांद्यावर मोकळे. "पिशवी कुठं ठेवली मी?" त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. तेच भाऊंना सोसलं नाही.

"बस," भाऊ म्हणाले.

"अहो, माणसं दारात आहेत."

"दारात आहेत, घर उघडं आहे. बस तू." त्यांनी पुण्याला शंतनूला फोन लावला. "शंतनू, शनिवार-रविवार सुट्टी ना? आत्ता निघा, संध्याकाळपर्यंत पोचाल. देवश्रीला आण, छोट्या इराला आण. यजमान आलेत."

"बाबा, मला त्यातलं काहीच येत नाही."

"यजमानांना येतं. ते सांगतील."

वनमालाबाईंनी फोन ओढून घेतला. "बंब पेटवता येईल का रे तुला?" मग फोनवर हात ठेवून भाऊंना म्हणाल्या, "याला जमणार नाही."

"इंजिनिअर आहे तो."

"म्हणूनच म्हणते."

तेवढ्यात तिकडून देवश्रीचा आवाज आला, "आई, तुम्ही येऊ नका. खरंच येऊ नका. भाकरी मी बघते, बंब त्याला बघू दे. तुम्हाला कुणी कधी चार दिवस ठेवून घेतलंय का? राहा." वनमालाबाई फोन भाऊंच्या हातात देऊन परत लक्ष्मीबाईपुढं वेणीला बसल्या.

बसवेश त्याच सकाळी आला. जोड सरळ केला, वेल्डिंग मारलं, हात पुसले. ट्रेलर चिंचेखाली उभा होता, झाडून पुसून, पूर्ण रिकामा. "सर, आत्ता आत चिटपाखरू न्हाई," तो म्हणाला. "लोहाऱ्यात काटा हाय. चला, घंट्याभरात वजन करून येऊ. पुन्ना गावंल का असा?"

भाऊंनी ट्रेलरकडं पाहिलं. कितीतरी दिवस ते या क्षणाची वाट बघत होते. वजन, मग पिकअप, मग परवानगी. मग पुढचं सगळं. पण ट्रेलरच्या दारात बब्रुवान उभा होता, आणि त्याच्या मागं त्याची भावकी, पौर्णिमेला निघालेली, पिशव्या आणि नारळ घेऊन. बब्रुवाननं त्यांना शब्द दिला होता, की पुजाऱ्यांचीच खोली तुळजापूरला चालली आहे. आणि तुळजापूरच्या अंगणात बार्शीवाले तिची वाट बघत होते.

"बसा," भाऊ म्हणाले. "फक्त एवढं करा, पुढं पुढं बसा आणि सामान मानेकडं ठेवा. मागं कुणी जाऊ नका." त्यांनी एकेकाला हाताला धरून जागा नेमून दिली, जाडजूड मंडळींना पुढं, हलक्या मंडळींना मागं, आणि एका जाऊबाईंना फार विचार करून मधोमध. त्यात सोलापूरचा फोन आला. "काका," तरुण हळूच म्हणाला, "काही ठरलं का?"

"नाही," भाऊ म्हणाले. "आणि आता बहुतेक ठरणार नाही. बब्रुवानची गाडी छान ओढते."

बब्रुवाननं चावी फिरवली. पिकअप चढावरून खाली उतरला, मान हौद्यात घट्ट बसून राहिली, आणि भाऊंनी अतिशय कष्टानं उभारलेलं घर सास्तूरच्या रुंद सरळ रस्त्यानं माणसांनी भरून निघालं. खिडकीतून हात हलत होते. भाऊंनीही हात हलवला. ट्रेलर दिसेनासा होईपर्यंत ते उभे राहिले, आणि आपण मागं राहिलो आहोत हे लक्षात आल्यावर, का कोण जाणे, त्यांना फार बरं वाटलं.

ते पडवीत आले. लक्ष्मीबाईनं वेणी पुरी करून वर अबोलीचा गजरा माळला होता. वनमालाबाई बाजेवर आडव्या झाल्या होत्या, कडेला नव्हे, बरोबर मधोमध.

"गेली गाडी," भाऊ म्हणाले.

"बरं झालं," डोळे न उघडता वनमालाबाई म्हणाल्या. "तेवढं दार ओढून घ्या. तोंडावर ऊन येतंय."